वकिलाचें मौन

विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर दिलें म्हणजे सल्लागाराचें कर्तव्य संपलें काय? कीं अशिलास जो प्रश्न सुचलाच नाहीं, त्याचेंही उत्तर देण्यास तो बांधलेला आहे? हा प्रश्न वरवर पाहतां वकिली धंद्यांतील एक बारीकसा मुद्दा वाटतो. परंतु ज्यांचे मुलगे-मुली आज अमेरिकेंत नागरिक न होतां कायमचे रहिवासी म्हणून राहत आहेत, अशा आपल्याकडील कुटुंबांनीं तरी तो परका मानूं नये.

होझे पाडिया हा मूळचा होंडुरासचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ तो अमेरिकेंत कायदेशीरपणें राहिला; व्हिएतनामच्या युद्धकाळांत त्यानें तेथील सैन्यांत चाकरीही केली. पुढें केंटकी संस्थानांत त्याच्या मालमोटारींत बराच गांजा सांपडला व त्यानें गुन्हा कबूल केला. त्याचें म्हणणें असें कीं, ‘इतकीं वर्षें येथें राहिल्यावर हद्दपारीची काळजी नको,’ असें वकिलानें सांगितल्यामुळेंच त्यानें ही कबुली दिली. वस्तुतः त्या गुन्ह्याचें फळ म्हणून हद्दपारी जवळजवळ अटळ होती.

हद्दपारी ही शिक्षा नव्हे, केवळ आनुषंगिक परिणाम होय, असें म्हणून केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याचें गाऱ्हाणें फेटाळलें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ३१ मार्च २०१० रोजीं तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं लिहिलेल्या बहुमताप्रमाणें, जेथें कायदा स्पष्ट आहे तेथें वकिलानें परिणाम स्पष्ट सांगितला पाहिजे. जेथें तो गुंतागुंतीचा आहे तेथें निदान धोक्याची सूचना तरी दिली पाहिजे.

न्यायमूर्ति स्कालिया यांचा आक्षेप दुबळा नव्हता. एकदां वकिलास खटल्याबाहेर नेलें, कीं त्याच्या कर्तव्यास सीमा कोठें? नोकरी, घर, मुलांचा ताबा, प्रत्येक हानीचा इशारा त्यानेंच द्यावा काय? चुकीचें सांगूं नये, एवढाच नियम पुरे, असेंही सुचविण्यांत आलें होतें. परंतु त्या नियमांतील दोष नैतिक आहे. बोलण्यांत धोका व गप्प बसण्यांत निर्धास्तपणा ठेवला, तर ज्याला सल्ल्याची सर्वांत अधिक गरज त्याच्याच वांट्यास मौन येईल.

शिवाय आज खटला बहुधा न्यायासनापुढें चालतच नाहीं. संघराज्याच्या न्यायालयांत शेंकडा ९७ दोषसिद्धि कबुलीनेंच होतात, असें त्याच न्यायालयानें २०१२ सालीं नमूद केलें. म्हणजे निर्णय होतो तो वकिलाच्या खोलींत. ‘गुन्हा केलाच ना, मग तक्रार कसली?’ असें कोणी म्हणेल. पण दोष मान्य करणें निराळें आणि किंमत न कळतां सौदा करणें निराळें. कबुलीस नैतिक मोल येतें, तें तिच्या मागें जाणतेपणा असतो म्हणून. एखाद्यास दोन वर्षांचा तुरुंग सोसवेल. पण बायकामुलांचा देश कायमचा सुटणें सोसवणार नाहीं. यांतील जड कोणतें, हें ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे, वकिलाचा नव्हे.

मात्र २०१३ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, ज्यांची दोषसिद्धि या निकालापूर्वींच अंतिम झाली, त्यांना त्याचा लाभ नाहीं. जुने निकाल सारखे उकरून काढतां येत नाहींत, हें कायद्याच्या दृष्टीनें समजूं शकतें. परंतु अज्ञानांत सही करणाऱ्याचें नुकसान तारखेप्रमाणें कमीजास्त होत नाहीं. निकालानें वकिलाचें कर्तव्य निर्माण केलें नाहीं. तें आधींपासूनच होतें, त्याला फक्त नांव मिळालें.