आजचे मनन: आठ भिंती आणि एक तंबू

वाचन: यशया 54:1-5



आजच्या वचनात परमेश्वर एका वांझ स्त्रीला तंबू मोठा करायला सांगतो. मुलं अजून झालेली नाहीत, पण जागा आधी करायची! आपण उलटं करतो. आधी माणसं येऊ देत, मग बघू, असं म्हणतो.

हे वाचताना मला इंग्लंडमधलं एक खेडं आठवलं. यॉर्कशायरमधल्या डोंगरावर हेप्टनस्टॉल नावाचं गाव आहे. त्या काळी तिथे हातमागावर लोकरी कापड विणणारे लोक राहत. जॉन वेस्ली यांच्या चळवळीतल्या मेथडिस्टांनी 1764 मध्ये तिथे चॅपल बांधलं. काम पुरं होण्याआधीच वेस्लींनी तिथे उपदेश केला.

चॅपलचा आकार अष्टकोनी होता. वेस्लींनी 1757 मध्ये नॉर्विच शहरात असंच आठ बाजूंचं प्रार्थनागृह पाहिलं होतं, आणि ते त्यांना फार आवडलं होतं. या आकारात आवाज चांगला पोचतो, म्हणून जागा असेल तिथे अष्टकोनीच बांधा, असं त्यांनी पुढे आपल्या लोकांना सांगूनही ठेवलं. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. नियमित अष्टकोनात कोणीच फार मागे राहत नाही.

पण मंडळी वाढली, माणसं मावेनात. मग 1802 मध्ये, वेस्ली जाऊन 11 वर्षं झाल्यावर, लोकांनी एका टोकाची बाजू पाडली, दोन्हीकडच्या भिंती लांबवल्या आणि ते टोक पुन्हा बांधलं. आज तिथे लांबट अष्टकोन उभा आहे. बाजू आठच आहेत, पण सारख्या नाहीत.

विचार करा, किती जड गेलं असेल! खुद्द वेस्लींच्या पसंतीचा आकार, तिथेच त्यांचा उपदेश झालेला. कोणीही म्हणालं असतं, "याला हात लावू नका." पण आकार आवडला होता तो सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. बाहेर उभ्या असलेल्याला काय ऐकू येणार?

नोकरीसाठी नवीन शहरात आलो तेव्हा मी एका मंडळीत सहा रविवार मागच्या बाकावर बसलो. कोणी नावसुद्धा विचारलं नाही. सातव्या रविवारी एक आजी थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "बाळा, इकडे ये, बस." माझ्यासाठी तंबू त्या दिवशी मोठा झाला. त्याला ना वर्गणी लागली, ना कमिटीची मीटिंग.

याच वचनात दोऱ्या लांबवण्याबरोबर मेखा पक्क्या करण्याचीही आज्ञा आहे. तंबू जितका मोठा, तितका वारा जास्त धरतो. मेखा कच्च्या असतील तर मोठा तंबूच आधी उडेल. म्हणून जागा वाढवताना प्रार्थना आणि वचनाचा अभ्यासही खोल जायला हवा. एक केलं आणि दुसरं सोडलं, तर चालणार नाही.

येत्या रविवारी उपासनेला गेलात की मागे वळून बघा. दाराजवळ कोण उभं आहे?

प्रार्थना: हे प्रभू, वाडवडिलांनी बांधलेल्या भिंतींबद्दल तुझे आभार. त्यातली कोणती सरकवायची ते आम्हाला दाखव, आणि सरकवायचं धैर्य दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.