ऋण, प्रतिनिधी आणि सत्र

ग्रामपंचायत, आरोग्यकेंद्र, धर्मादाय न्यास आणि स्वयंसेवक वृद्धांच्या सेवेसाठी एकत्र येतात, तेव्हा कामाच्या वाटणीबरोबरच धर्मशास्त्रातला एक जुना प्रश्नही उभा राहतो : एकाचे कर्तव्य दुसऱ्याने पार पाडले, तर ते फिटते काय?

आईवडिलांच्या सेवेला सर्वसाधारणपणे पितृऋणाची फेड मानले जाते. परंतु तैत्तिरीय संहितेतील तीन ऋणांपैकी पितृऋण संततीच्या द्वारे फिटते, म्हणजे त्याची फेड मागच्या पिढीकडे न जाता पुढच्या पिढीकडे जाते. शिवाय ही तीन ऋणे तेथे ब्राह्मणाच्या संदर्भात सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मण मात्र जन्मणाऱ्या प्रत्येकाला ऋणी मानते आणि मनुष्यऋण हे चौथे ऋण सांगून ते आश्रय व अन्न देऊन फेडावयाचे आहे, असे म्हणते. अनेकांनी मिळून करावयाच्या वृद्धसेवेला हा आधार अधिक भक्कम वाटतो, कारण या ऋणाचा धनको रक्ताच्या नात्यातलाच असावा लागत नाही. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थविषयक कायद्यातही दोन्ही धागे आढळतात : मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देणारे न्यायाधिकरण एकीकडे, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी राज्याने निवास उभारण्याची तरतूद दुसरीकडे.

प्रतिनिधीच्या, म्हणजे मूळच्या जागी घेतलेल्या पर्यायाच्या, प्रश्नाचा सर्वात काटेकोर विचार पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, झाला आहे. ठरलेले धान्य न मिळाल्यास त्याच्यासारखे दुसरे धान्य चालते, पण यजमानाला, म्हणजे ज्याच्यासाठी व ज्याच्या संकल्पाने यज्ञ होतो त्याला, प्रतिनिधी नाही. या नियमाला एक अपवाद आहे. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात सतरा ते चोवीस जण एकत्र येतात, सगळेच ऋत्विज, म्हणजे यज्ञकर्म करणारे पुरोहित, आणि सगळेच यजमान असतात, कोणी कोणाला दक्षिणा देत नाही. आणि त्यांच्यातील एखादा मध्येच मरण पावला, तर संख्या पुरी करण्यासाठी त्याच्या जागी दुसरा घेता येतो.

संस्थांचे सहकार्य बहुधा साध्या यज्ञाच्या धर्तीवर चालते : एक पैसा पुरवते, दुसरी राबते, आणि वृद्ध मात्र अहवालातील लाभार्थी, खरे तर हविर्द्रव्यच, होऊन राहतो. केरळमधील वेदनाशामक सेवेची चळवळ सत्राच्या बरीच जवळ जाते. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रामुख्याने कर्करोग्यांसाठी सुरू झालेले हे काम पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्या हाती घेतले, स्थानिक देणग्यांवर चालवले आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांपर्यंत नेले. 2008 मध्ये राज्याने त्यासाठी धोरण जाहीर केले, त्यानंतर पंचायती, प्राथमिक आरोग्यकेंद्रे आणि घरोघर जाणाऱ्या परिचारिका त्यात रीतसर गोवल्या गेल्या. शेजारी येथे मुलाचा प्रतिनिधी म्हणून येत नाही. तो स्वतःचे ऋण फेडायला येतो, म्हणून मुलाचे कर्तव्य त्याच्या येण्याने संपतही नाही.

अर्थात सत्राचा दाखला सर्वत्र लावता येणार नाही. परिचारिकेचे वेतन थकवून तिला सेवाभावाचे पाठ देणाऱ्या संस्थेला दक्षिणेच्या अभावाचा आधार घेण्याचा अधिकार नाही, कारण जिला निर्णयात वाटा नाही ती यजमान नसते.

हीच कसोटी वृद्धालाही लावावी लागते. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ यांचा कारभार ज्येष्ठच पाहतात, हे त्यांचे मोठे बळ आहे. तथापि अशा संघांत स्वाभाविकपणे हिंडते-फिरते सभासदच अधिक येतात. जो जिना उतरू शकत नाही, त्याला कोणती सेवा हवी आहे आणि कोणती नकोशी झाली आहे, हे संस्थांच्या संयुक्त बैठकीत पोहोचवण्याची जबाबदारी त्याच्या घरी जाणाऱ्या एखाद्या माणसाकडे नावानिशी सोपवलेली असावी लागते, आणि ती सोपवताना त्या वृद्धाची संमतीही घेतलेली असावी लागते.