आधी आपल्या अंतःकरणात

वाचन : अनुवाद 6:4–9, मार्क 4:26–29

मुलं झोपल्यावर हे मनन हाती घ्या. दोन्ही उतारे सावकाश वाचा. वाचून झाल्यावर थोडा वेळ काहीच बोलू नका, मागूही नका.

आता अनुवादातल्या आज्ञांचा क्रम पाहा. मुलांना शिकवण्याची गोष्ट नंतर येते. देवावर पूर्ण जिवाने प्रीती करण्याची आज्ञा आधी आईबापाला आहे. त्याची वचनं आधी त्यांच्याच अंतःकरणात असायची आहेत. तिथून ती मुलांकडे जातात, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. रविवारची वेगळी वेळ इथे सांगितलेली नाही.

स्वतःला विचारा : जेवणाआधीची पाठ झालेली प्रार्थना सोडली, तर या आठवड्यात माझ्या लेकराने मला देवाशी बोलताना पाहिलं का?

थांबा. उत्तर नकोसं असलं तरी ते प्रभूपुढे ठेवा.

1953 पासून यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातून तरुण इथे शास्त्र शिकायला येत, आणि सेवेसाठी आपापल्या मुलखात परतत. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला गेली. सेमिनरी अशी दुसऱ्या गावी नेता येते. आईबापावर सोपवलेली शाळा मात्र कुठे नेता येत नाही. ती चुलीपाशी भरते, एस.टी.च्या थांब्यावर भरते, शेताच्या धुऱ्यावर भरते. संडे स्कूलमध्ये मुलं वचन पाठ करतात, आणि ते वचन जगताना कसं दिसतं हे घरी पाहतात. कापसाला भाव पडला त्या संध्याकाळी आपण कसे बोललो, वेचणीच्या बायांची मजुरी वेळेवर दिली का, ज्याच्याशी अबोला होता त्याच्या दारी आपण गेलो का, हे सगळं त्यांच्या लक्षात राहतं.

या आठवड्यातला असा एक प्रसंग आठवा. तुमचं लेकरू तेव्हा कुठे उभं होतं?

आपल्याकडे वर्गात एखादंच ख्रिस्ती मूल असतं. पोळ्याच्या दिवशी ते घरी येऊन विचारतं, "आई, आपण बैलाची पूजा का नाही करत?" त्याला गप्प करू नका. शेजाऱ्याच्या श्रद्धेला कमी न लेखता आपण कोणाची उपासना करतो ते सांगा. बैलाच्या कष्टांबद्दल देवाचे आभार त्याच्यासोबत मानता येतील. उत्तर सुचत नसेल तर तेही सांगा, आणि पाळकांना दोघं मिळून विचारा. ज्या घरात प्रश्नाला जागा मिळते, तिथे मूल पुढचा प्रश्नही घेऊन येतं.

आता रेव्हरंड टिळकांचं घर डोळ्यांपुढे आणा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, तेव्हा मुलगा दत्तू लहान होता. लक्ष्मीबाईंना तो घाव सोसवला नाही, आणि घर दुभंगलं. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही आपला धर्म आणि सोवळं सांभाळूनच. त्यांचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांना आपला विश्वास घरच्यांपुढे जगता आला. त्यांच्या वतीने विश्वास ठेवणं मात्र त्यांच्याही हाती नव्हतं.

मार्कातला शेतकरी तुम्हाला ओळखीचा वाटेल. मृगाचा पाऊस झाला की आपण सरकी टोबतो, पुढे डवरतो, निंदतो. अंकुर फुटणं मात्र आपल्या कामांत नाही. प्रभूच्या दृष्टांतातला माणूस रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही. त्याच्या झोपेला प्रभू दोष देत नाही.

मुलाच्या नावाने उराशी धरलेली भीती आता नाव घेऊन सांगा. तो कॉलेजला पुण्याला गेला तर मंडळीत जाईल का? ती आपल्या वाटेने राहील का? जे तुमचं काम आहे ते एका हातात धरा. जे देवाचं आहे ते त्याच्या हाती सोडा.

मग ही प्रार्थना तुमच्याच शब्दांत करा :

प्रभू, माझ्या लेकरात जे पाहावं असं मला वाटतं, ते आधी माझ्यात घडव. माझा राग, माझी कटुता त्याच्या आणि तुझ्या मध्ये येऊ देऊ नको. त्याच्या मनाचा मालक होण्याचा हट्ट माझ्याकडून काढून घे. आमेन.

उद्या सकाळी एकच गोष्ट करा. मूल शाळेत निघताना त्याला विचारा, "आज तुझ्यासाठी काय मागू?" ते सांगेल तेच मागा, त्याच्या देखत.