कात्यायनीचा वाटा

"समुद्रात? तिथं कोनचा देव हाय, गुरुजी?" नेकनूरच्या आठवडी बाजारात एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, तेव्हा हातात मेथीची जुडी होती आणि तोंडात उत्तर नव्हतं. आमच्याकडं पेन्शनीत निघालेलं जोडपं गाव सोडतं ते काशीला, नाहीतर चारधामला. आम्ही दोघं मुंबईहून जहाजात बसून गोव्यापर्यंत जाऊन परत येणार होतो. तीन रात्री. ना दर्शन, ना नवस, ना कुणाच्या अस्थी. त्या पोराचा प्रश्न मात्र साधा नव्हता. देवाचं निमित्त नसताना म्हाताऱ्या माणसांनी सुख घ्यावं का, असं तो विचारत होता.

मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, फेटा, भाषणं झाली. "सरांनी आता आराम करावा," असं प्रत्येक जण म्हणाला. हिलाही साडी दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डबे वाजले, परातीत पीठ पडलं, भाकरी थापल्याचा आवाज आला. अंथरुणात पडल्यापडल्या माझ्या ध्यानात आलं की निवृत्त एकटा मीच झालोय.

आमचं गाव बंकटस्वामी महाराजांचं. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्या सुरुवातीच्या साधकांपैकी हे. त्यामुळं वैराग्य, निवृत्ती, परमार्थ हे शब्द आमच्या कानावर लहानपणापासून. सप्ताह आला की मी मांडवात पुढं बसायचो. ही मात्र पंगतीच्या भाकरी करायची. कीर्तन तिच्या कानावर यायचं ते कर्ण्यावरून, चुलीच्या धुरातून.

रिकामा वेळ मिळाला तसे मी ग्रंथ काढले. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला निघणाऱ्यासाठी सांगितलंय की बायकोला मुलांच्या हवाली करावं किंवा सोबत घेऊन वनात जावं. दोन्हीकडं निर्णय त्याचाच. तिला काय हवं, हा प्रश्नच तिथं नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडताना दोन बायकांमध्ये वाटणी करायला निघतात. ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू, असं मैत्रेयी विचारते आणि तिथून एवढं मोठं तत्त्वज्ञान उभं राहतं. दुसरी कात्यायनी. तिला बायकांना असते तेवढीच समज होती, असं एका वाक्यात सांगून उपनिषद पुढं जातं. मी ते पान मिटलं. सबंध आयुष्य जिनं घर चालवलं, तिनं काय मागितलं असतं? कुणी विचारलं होतं का?

म्हणून मी हिला विचारलं, कुठं जायचंय? "तुम्ही म्हणाल तिकडं." मी म्हणालो, मी काही म्हणणार नाही. दोन दिवसांनी ज्वारी निवडताना, मान वर न करता ती म्हणाली, "पाणी बघायचंय. लई पाणी."

१९७२च्या दुष्काळात ही अकरा वर्षांची होती. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. लग्नानंतर टँकरच्या रांगा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं; लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आमच्याच जिल्ह्यात धनेगावला, आणि ते कोरडंठाक पडलं होतं. अशा बाईनं 'लई पाणी' म्हणावं आणि मी तिला तीर्थाची यादी दाखवावी, हे मला जमलं नाही.

आमचं जहाज 'एम्प्रेस', १९९० सालचं. २०२१ साली ते मुंबईहून सुटू लागलं. अकरा मजले, माणसं हजाराच्या वर. नाचगाणं, दुकानं, पोहण्याचा हौद हे सगळं होतं, पण आम्हाला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. आम्ही कठड्याला धरून उभे राहायचो. पहिल्या संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला तसा हिनं पदर सावरला आणि हात जोडले. समोर मूर्ती नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "हेच पाणी ढगातून आपल्याकडं येतं का हो?" मी सांगितलं, येतं, पण सह्याद्रीला अडून बरंचसं कोकणातच पडतं, आपल्या वाट्याला उरलंसुरलं. "मग हे आपलंबी हायच की," ती म्हणाली.

खोलीतलं गोडं पाणी जहाजावर समुद्राच्या पाण्यापासूनच करतात, हे कळलं तरी अंघोळीला तिनं नळ कधी पूर्ण सोडला नाही. पहिल्या दोन सकाळी खोली आवरणारा मुलगा यायच्या आत तिनं चादरी घडी करून ठेवल्या. तो म्हणाला, "माँजी, यह मेरा काम है." तिसऱ्या सकाळी ती उठली, चादरीकडं बघितलं, ती तशीच राहू दिली आणि खिडकीशी जाऊन बसली. चाळीस वर्षांच्या संसारात असं मी पहिल्यांदा पाहिलं.

शास्त्राचं म्हणाल तर बौधायन धर्मसूत्रानं समुद्रप्रवास पतन घडवणाऱ्या कर्मांत धरलाय. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या बंदीचा जाच त्यांना सोसावा लागला. ती बंदी आज कुणाच्या मनात नाही. दुसरी अजून आहे: बाईनं सुख घ्यायचं तर ते देवाच्या, लेकरांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर.

मठात येणारे माझे एक स्नेही म्हणाले, "गुरुजी, या वयात भोग वाढवायचा नसतो." त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. जहाजावर अर्धी भरलेली ताटं तशीच सोडून उठणारी माणसं मी पाहिली, आणि जीव तुटला. ईशोपनिषद पहिल्याच मंत्रात सांगतं की त्यागून भोगावं, दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवू नये. ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याग करायला आधी काहीतरी हातात असावं लागतं. जी आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवली, तिला वैराग्य शिकवणं हा परमार्थ नव्हे, तो अन्याय आहे. तीन दिवस तिला कुणीतरी गरम ताट आणून दिलं. तिनं ते शितही न टाकता संपवलं. ईशोपनिषद मला मांडवात जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या टेबलावर कळलं.

माझ्याबरोबर पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना हात जोडून विनंती आहे. ज्ञानेश्वरी उघडा, वारीला जा, सगळं करा. पण आधी घरातल्या कात्यायनीला विचारा, तुला कुठं जायचंय. उत्तर लगेच येणार नाही, तेव्हा थांबा. आमच्याकडं दोन दिवस लागले.