तिचं सगळं तोच करतो

2025च्या जुलैत ब्रिटनमध्ये सत्ताधारी मजूर पक्षाच्याच खासदारांनी बंड केलं आणि अपंगांच्या भत्त्याला कात्री लावणारी तरतूद सरकारला विधेयकावरची चर्चा चालू असतानाच मागे घ्यावी लागली. आजारपणाच्या भत्त्यांवर असा वाद पेटला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. एक माणूस सरकारला सांगतो की आजारपणामुळे मला काम झेपत नाही. तोच माणूस असंही सांगतो की अपंग बायकोची शुश्रूषा मी आठवड्याला पस्तीस तास करतो. पस्तीस तास म्हणजे भरल्या आठवड्याची नोकरी झाली. घरी एवढं जमतं, तर कामावर जायला काय धाड भरली आहे? हा आक्षेप चटकन पटतो आणि म्हणूनच तो खोडून काढणं गरजेचं आहे. प्रामाणिकपणे जगणाऱ्या हजारो घरांवर तो लबाडीचा शिक्का मारतो.

कामाची क्षमता तिथे मोजतात तरी कशी? दावेदाराला अर्ध्या लिटरचं भरलेलं खोकं उचलून हलवता येतं का, दम न लागता पन्नास मीटर जाता येतं का, आणि तेवढंच अंतर त्याला पुन्हा पुन्हा कापता येतं का, हे पाहिलं जातं. यातलं ‘पुन्हा पुन्हा’ फार महत्त्वाचं आहे. हृदय कमकुवत झालेल्या नवऱ्याचं आणि कमरेखाली बळ नसलेल्या बायकोचं घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी तिला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं असतं. तो एक गुळगुळीत फळी तिच्या मांडीखाली सरकवतो, तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतो आणि थांबतो. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत ती फळीवर तोल सांभाळत बसते. मग दोघं मिळून उरलेलं वीतभर अंतर पार करतात. त्यानंतर तो दुपारपर्यंत आडवा होतो. रात्री कूस बदलायला तिने हाक मारली की उठतो. पस्तीस तासांत हे सगळं धरलेलं असतं आणि तिच्यावर नुसती नजर ठेवून बसणंही धरलेलं असतं. असे तुकड्यातुकड्यांचे तास कोणता मालक विकत घेईल? ती त्याच्या दमासाठी थांबते, कारखान्यातला पट्टा थांबत नाही. खुद्द कायद्यालाही हे मान्य आहे. आजारपणाच्या भत्त्यासाठी 2008 साली केलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की घरातली कामं आणि नातेवाइकाची शुश्रूषा यांना ‘काम’ धरायचं नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिथल्या राज्यसंस्थेने कधीच स्वीकारलेलं आहे.

माझी तक्रार सुरू होते ती यापुढे. शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्याला 83.30 पौंड आणि विम्याचे हप्ते भरलेल्या आजारी माणसाला साधारणपणे किमान 92.05 पौंड, हे 2025-26चे दर होते. मात्र एकाच माणसाला दोन्ही लागू होत असतील, तर हातात पडते ती मोठी रक्कम. धाकट्या रकमेवरचा त्याचा हक्क कागदावर राहतो. दोन्ही रकमा द्या, एवढं म्हणून लेख संपवावा असा मोह होतो. पण इथे सरकारी बाजूचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात तथ्य आहे. दोन्ही भत्ते बुडालेल्या पगाराच्या जागी आहेत आणि एकच पगार दोनदा बुडत नाही. ही चौकट मान्य केली की पुढचा हिशेब बिनचूक ठरतो. तेव्हा भांडायचं असेल तर चौकटीशीच भांडायला हवं. शुश्रूषेला बुडालेल्या पगाराच्या मापाने मोजायचं कुणी ठरवलं?

शुश्रूषेचा हा भत्ता 1976 साली सुरू झाला, तेव्हा नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळलेलं होतं. त्या तशाही घरीच असणार, मग शुश्रूषेने त्यांचं बुडतं काय, असा तो विचार होता. नोकरी सोडून आईची शुश्रूषा करणाऱ्या जॅकलिन ड्रेक यांनी हे प्रकरण युरोपीय न्यायालयात नेलं आणि 1986 साली त्या जिंकल्या. आजारी नवऱ्याला आज लावला जातो तो नियम याच विचाराचा वंशज आहे. पूर्वी म्हणत, ती कमावणारच नव्हती. आता म्हणतात, तो कमावणारच नव्हता. दोन्ही वेळा केलेल्या श्रमाची किंमत शून्य धरली जाते, कारण तो श्रम करणाऱ्याला बाजारात भाव नाही. 2013पासून आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या भत्त्यात तर आजाराची आणि शुश्रूषेची वाढीव रक्कम पगाराच्या बदल्यातली नसून गरजेपोटीची आहे. तरीही एकाच माणसाला ती दोन्ही कारणांनी मिळत नाही. पगार दोनदा बुडत नाही, हे समर्थन इथे लागूच पडत नाही. नियम मात्र तसाच राहिला.

या प्रश्नावर मला सर्वांत जवळची वाटते ती अमेरिकी तत्त्वज्ञ ईव्हा फेडर किटे. तिची मुलगी सेशा जन्मापासून पूर्णपणे परावलंबी. 1999च्या ‘लव्हज लेबर’ या पुस्तकात किटेने तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या न्यायविचाराच्या मुळालाच हात घातला. आयुष्यभर पूर्ण सहकार्य करू शकणाऱ्या माणसांचा समाज गृहीत धरून न्यायाची तत्त्वं बांधली, तर परावलंबी माणूस बाहेर राहतोच. त्याचं करणाराही बाहेर राहतो. दुसऱ्याच्या गरजेला बांधला गेल्यामुळे तो स्वतःसाठी सौदा करायला मोकळा नसतो आणि म्हणून तोही परावलंबी होतो. समाजाने त्याला आधार देणं हे किटेच्या लेखी दान नसून न्याय आहे. मला हे पूर्णपणे पटतं. फक्त तिच्या मांडणीत शुश्रूषा करणारा दुबळा होतो तो शुश्रूषेपायी. आपल्या उदाहरणातला नवरा आधीच दुबळा आहे. त्याच्यावरचा भार दुहेरी आहे, आणि नियमाने नेमका तोच एकेरी करून टाकला आहे.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप सरकारचा नाहीच. तो अपंगांच्या चळवळीतून आला आहे. जेनी मॉरिस या स्वतः अपंग असलेल्या ब्रिटिश लेखिकेने नव्वदच्या दशकात विचारलं की शुश्रूषा करणाऱ्यांच्या हालांवर एवढं लिहिताना अपंग व्यक्तीला तुम्ही निव्वळ ओझं का करून टाकता? दम लागलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकणं त्या बायकोला तरी हवं आहे का? हा प्रश्न मला टाळता येत नाही. आजारी माणसाला शुश्रूषेचे पैसे देऊन त्याच कामाला जुंपून ठेवणं, हे उत्तर अपुरं आहे. तिला हवा तो मदतनीस नेमता येईल एवढा पैसा तिच्या हातात हवा. ब्रिटनमध्ये 1996च्या कायद्याने ती वाट उघडली, पण त्या पैशातून एकाच घरात राहणाऱ्या जोडीदाराला मोबदला सहसा देता येत नाही. मदतनीस मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही रात्रीची हाक नवऱ्यालाच ऐकू येणार असेल, तर त्या श्रमाची किंमत वेगळी मोजावीच लागेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून नीट विचारलाही गेलेला नाही. 2025पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948च्या कामगार राज्य विमा कायद्यात आजारपणाचा लाभ होता, साधारण सत्तर टक्के पगार, वर्षात 91 दिवस. त्याच कायद्याचं 64वं कलम सांगत असे की लाभ घेणाऱ्याने बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये. चाकणच्या कारखान्यातल्या मणक्याच्या रुग्णाने घरी बायकोला उचललं, तर अक्षरशः पाहता तो शर्त मोडत असे; न उचलावं, तर तिने दिवसभर अंथरुणात पडून राहायचं. 2016च्या अपंग हक्क कायद्याच्या 24व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याला महिना 600 रुपये देऊ करतं. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती करणाऱ्याच्या नावावर आहे. महाराष्ट्र हा भत्ता देईल तेव्हा अर्जदाराचं स्वतःचं आजारपण हे नकाराचं कारण ठरणार नाही, असं नियमातच लिहिलं पाहिजे, आणि आजारपणाच्या लाभावरच्या अशा शर्तीला घरच्या शुश्रूषेचा अपवाद जोडला पाहिजे.