आठव्या अध्यायातली माय



दत्तभक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे घरोघरी गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. आठवा अध्याय पहिल्या-दुसऱ्या दिवशीच येऊन जातो. त्यातलं शनिप्रदोषाचं व्रत आपल्या लक्षात राहतं, पण ते व्रत ज्या बाईला सांगितलं ती मात्र आपण विसरतो. यंदा मी तिच्याविषयीच बोलणार आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. बाप वेदशास्त्रसंपन्न आणि मुलगा मंदबुद्धीचा. मुंज झाली, बाप शिकवायला बसला, पण पोराच्या डोक्यात अक्षर शिरेना. मग बापानं मारायला सुरुवात केली. आई आड आली, मारू नका म्हणाली. एकानं मारायचं आणि दुसऱ्यानं पदराखाली घ्यायचं, अशी त्या घराची दोन टोकं झाली. पुढं बाप वारला. माय-लेक भिक्षा मागून पोट भरू लागले, आणि एवढ्या विद्वानाच्या पोटी हा असा कसा, म्हणून गाव पोराला हिणवू लागलं. शेवटी दोघंही जीव द्यायला कृष्णेच्या काठी गेली. तिथं कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभ होते.

आता पाहा, त्या मुलाचं शिक्षण कोणाकडे होतं? बापाकडे, म्हणजे घर तेच आणि शाळाही तीच. तरी ते जमलं नाही, कारण दोघांनी एकत्र बसून ‘या लेकराला नेमकं काय जड जातं’ हे कधी पाहिलंच नाही. आज घर वेगळं आणि शाळा वेगळी, मग हे किती अवघड असेल! गुरुजी म्हणतात, घरी कोणी वही उघडून पाहत नाही. घरचे म्हणतात, पगार कोण घेते, तुम्ही का आम्ही? दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. पोरगं मधल्या मध्ये नदीकाठाकडे सरकत जातं.

श्रीपादांनी काय केलं ते बारकाईनं वाचा. मुलाच्या मस्तकावर हात ठेवण्याआधी ते आईशी बोलले. तिला थांबवलं, धीर दिला, कथा सांगितली, काय करायचं ते नेमकं सांगितलं. हात ठेवला तो त्यानंतर. शिक्षकांनी हे घेण्यासारखं आहे. पालकसभेत आई येते तेव्हा ती बहुधा मजुरी बुडवून आलेली असते. तिच्यासमोर नुसते मार्क वाचून दाखवले, तेही चार जणांत, तर ती पुढच्या सभेला येत नाही. तिला एवढंच सांगा : बाई, याला वजाबाकी येते, हातच्याची येत नाही, रोज सांजच्याला पाच गणितं करताना जवळ बसा, तुम्हाला नाही आलं तरी चालते. अक्षर न येणारी माय हे करू शकते.

मारण्याबद्दल तर आता वादच उरला नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं त्यानं बंद केलं. याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या फारशा कोणी सांगत नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, आणि पालकांना भेटून मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत व प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, असंही त्यात आहे. पण समितीच्या रजिस्टरवर घरी बसून अंगठा-सही करणारे आपणच ना? देवळाच्या कमिटीत नाव यावं म्हणून आपल्यात भांडणं होतात. शाळेच्या कमिटीसाठी कधी झालेली ऐकली का?

आपल्या भागातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. दत्तजयंती येते ती वेचणीच्या दिवसांत. पऱ्हाटी फुटलेली असते, मजूर मिळत नाही, मग लेकीला वावरात नेतात, नाहीतर लहान भावाला सांभाळायला घरी ठेवतात. काही घरं ऊसतोडीला निघून जातात आणि पोरं बैलगाडीवर बसून सोबत जातात. “दोन-चार दिवसांनी काय बिघडते, महाराज?” असं एक बाप मला म्हणाला. मी त्याला दोष देत नाही, कापूस भिजला तर वर्ष जातं. पण त्या दोन-चार दिवसांत भागाकार शिकवून होतो आणि लेक परत येते तेव्हा तिला फळ्यावरचं काहीच कळत नाही. ती गप्प बसते. मग तिलाही वाटतं, वावरच बरं.

इथं मला सोळाव्या अध्यायातले धौम्य ऋषी आठवतात. शिष्य अरुणी शेतात पाणी अडवायला गेला तो सांज झाली तरी आला नाही. धौम्यांनी गैरहजेरी मांडून ठेवली नाही. ते स्वतः निघाले आणि हाका मारत बांधापर्यंत गेले. (आपल्या अरुणावतीच्या काठी ही गोष्ट सांगताना मला उगाचच आनंद होतो, नावाचा योगायोग एवढाच.) आजही काही गुरुजी-मॅडम तांड्यावर, वाडीवर जाऊन मुलं गोळा करतात, हे मी पाहिलं आहे. मूल स्थलांतरात जाणार असं शाळेला आठ दिवस आधी कळलं तर हंगामी वसतिगृहासाठी विचारता येतं. आजी घरी राहणार असेल तर तिच्याशी बोलता येतं. पण सांगायचं कोणी? घरच्यांनीच. न सांगता निघून जायचं आणि मग नाव मागं पडलं म्हणून शाळेवर रागवायचं, हे बरोबर नाही.

आणि शाळा म्हणजे फक्त मास्तर नव्हे. खिचडी शिजवणाऱ्या ताईला सर्वांत आधी कळतं, कोणतं लेकरू सकाळपासून उपाशी आहे. कोणती पोर रोज एकटी कोपऱ्यात बसते, हे शिपाईदादाला दिसतं. अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यात टिटवी आहे, कोळी आहे, बाण घडवणारा कारागीर आहे. ज्या दत्तानं कुंभारमाशीला गुरू मानलं त्याचे भक्त आपण, आणि खिचडीवाल्या ताईला कधी विचारत नाही की माझं पोरगं जेवते का.

त्या चोवीसांतला कपोत पालकांनी वेगळा वाचावा. पिलं जाळ्यात पाहून कबुतरी धावली, अडकली, मागोमाग कबुतरही. प्रेम होतंच, पण थांबून जाळं पाहिलं नाही. पोरानं घरी येऊन एक तक्रार सांगितली की चार माणसं घेऊन शाळेवर जाणारे बाप असतात. आधी एकटं जावं आणि शांतपणे विचारावं. अन्याय झालाच असेल तर समिती आहे, तिथं मांडावं.

कुरवपूरची ती माय पुढच्या जन्मी आपल्या शेजारच्या कारंज्यात अंबा म्हणून आली आणि तिच्या पोटी नृसिंह सरस्वती आले. तेही सात वर्षं ॐकाराशिवाय बोलले नाहीत. मुक्याची मुंज कसली करता, म्हणून लोक हसले. पण या वेळी आई-बाप दोघं एका बाजूला उभे होते. त्यांनी मांडव घातला, मुंज लावली, आणि आईनं भिक्षा घातली तेव्हा बाळ वेद बोलला.

यंदा जयंतीच्या महाप्रसादाला तालुक्यातले शिक्षक येतीलच. पंगतीत त्यांच्या शेजारी बसा आणि लेकराचं नाव सांगून विचारा. वेचणीला किती दिवस लागतील तेही तिथंच सांगून टाका.