वाट पाहण्याचे पंचांग
ख्रिस्ती उपासनावर्ष म्हटले की बहुतेकांना नाताळ आणि ईस्टर एवढेच आठवते. पण हे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही आणि नाताळालाही नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने त्याचा आरंभ होतो. म्हणजे आधी वाट पाहणे, मग सण. ईस्टरपूर्वीही राखेच्या बुधवारपासून, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ येतो. या पंचांगाचे बळ मला सणांत कमी आणि या मोकळ्या ठेवलेल्या दिवसांत जास्त दिसते. ते गाळले की हाती सुट्ट्यांची यादी उरते. बाजाराने नेमके तेच केले. आगमनकाळातच नाताळ साजरा करून २६ डिसेंबरला चांदण्या उतरवायला घेतल्या जातात, आणि नाताळकाळ तर तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. वाट पाहणे विकता येत नाही, म्हणून तेवढे बाजूला पडले.

यावर जुना आणि तगडा आक्षेप असा, की या तारखांना आधार काय? शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरचा पहिला स्पष्ट उल्लेख सापडतो तो रोममध्ये इ. स. ३५४ च्या सुमारास तयार झालेल्या एका नोंदसंग्रहात. शास्त्रात नाही ते पाळायचे कशाला, असे म्हणत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन प्रॉटेस्टंटांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला. त्यांचा युक्तिवाद तर्काला सोडून नव्हता. पण हीच मंडळी दुष्काळ पडला की उपवासाचा दिवस जाहीर करत आणि संकट टळले की आभाराचा. दारातून हाकललेले पंचांग खिडकीतून घरात आले ते असे. तारीख इतिहासाला धरून आहे की नाही हा एक प्रश्न. माणसांनी एकत्र थांबायला ठरलेला दिवस लागतो की नाही, हा दुसरा.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा: हे थंड मुलखाचे ऋतुचक्र कोकणात कशाला? ईस्टर तर चक्क तिथीवर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान हलत राहतो. युरोपात तेव्हा पालवी फुटते, आपल्याकडे घामाच्या धारा. पण पंचांग मातीत रुजते तेव्हा तारीख तीच राहून अर्थाला नवे फुटवे येतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस २४ जूनला, कारण लूकच्या शुभवर्तमानानुसार तो येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. पोर्तुगालात आदल्या रात्री शेकोट्या पेटतात. गोव्यात पाऊस लागलेला असतो, तेव्हा सांजांवला, म्हणजे याच सणाला, डोक्यावर फुलांची कोपेलां (मुकुट) घालून माणसे विहिरीत उड्या घेतात. गोव्यातल्याच राय गावात ५ ऑगस्टला भाताची नवी कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये येतात. हे उसने ऋतुचक्र म्हणायचे कसे?

ठरावीक दिवशी ठरावीक दुःख, हे ढोंग नाही का, असेही विचारले जाते. मला हाच आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो. पण उपासनेचा क्रम आधी हाताला काम सांगतो. मन मागून आले तर आले. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी घरातल्या क्रुसामागे खोचतात. वर्षभरात ती हिरवीची पिवळी, मग कुरकुरीत होते. पुढच्या उपवासकाळापूर्वी जुन्या झावळ्या जाळतात आणि तीच राख बुधवारी कपाळी लागते. येशूच्या जयजयकाराची झावळी माती होऊन परत येते. हे समजायला त्या दिवशी रडू यावे लागत नाही. आणि ज्याचे दुःख नेमके नाताळात उफाळून येते, त्याला निदान एवढे ठाऊक असते की या वर्षात दुःखालाही जागा राखलेली आहे. ती जागा सर्वांत उघडी दिसते ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी. गुरुवारी रात्रीच वेदीवरचे वस्त्र काढलेले असते, पवित्र पेटी रिकामी आणि उघडी असते, आणि रात्रीच्या जागरणापर्यंत दिवसभर मिस्सा होत नाही.